बांगडीएवढी आग

खोली भाड्याने मागायला तुम्ही कुणाच्या दारात उभे राहिलात, तेव्हा तुम्हाला पहिला प्रश्न कोणता विचारला गेला?

आठवून बघा. भाडं परवडेल का, शिकता कुठं, हे सगळं नंतरचं. अगदी पहिला. जबलपुरात एका उन्हाळ्यात मी ज्या ज्या दारात उभी राहिले, तिथं तो एकच होता. ‘पूरा नाम क्या है, बेटा?’ आवाज गोड. मी पूर्ण नाव सांगायची. मग खोली कालच गेलेली असायची, नाहीतर कुणाचा तरी पुतण्या शिकायला येणार असायचा.

माझे आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरच्या कारखान्यात कामाला आले. बाबाही तिथंच लागले. आमचं बौद्धांचं घर. घरात पुस्तकं थोडी, पत्रकं फार: सभेची, संपाची, निषेधाची. मला अक्षरओळख त्यांच्यावरूनच झाली. बाबांचा नियम एकच होता: नाव विचारलं तर आडनावासकट सांगायचं, मान वर करून. ते निवृत्त झाले, महाराजपूरचं भाड्याचं घर सुटलं, आईबाबा नागपूरला गेले. माझं एम.ए.चं वर्ष राहिलं होतं. तो नियम घेऊन मी एकटीच दारं ठोठावत फिरले.

गढा मोहल्ल्यातल्या एका बोळात दार उघडणाऱ्या बाईंनी माझं नाव विचारलं नाही. साठी उलटलेली, सुती साडी, हातात लाखेची एकच बांगडी. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “तुला काय जास्त पाहिजे? ताकद, चपळाई, दम, की डोकं? सगळं भेटत नाही. एकीकडे टाकलं की दुसरीकडून काढावं लागते. विचार करून ठेव, मी कुकर उतरवून येते.”

त्या आल्यावर मी म्हणाले, “ताकद.”

“किती?”

“सगळी.”

माझ्या हाडकुळ्या मनगटांकडे बघत त्या म्हणाल्या, “येडी आहेस. सामान घेऊन ये.”

त्यांना आम्ही काकू म्हणायचो. ‘आंटी’ म्हटलं की त्या उत्तरच देत नसत. टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून त्यांची नोकरी झाली होती, आणि ती निवृत्तीनंतरही गळ्यात राहिली होती. भाजीवाल्याला, दुधवाल्याला, भांडत आलेल्या शेजारणीला त्या एकाच सुरात ‘होल्ड करा’ म्हणत, आणि लोक खरोखर थांबत. समोरासमोर भांडायचं त्यांना जमत नसे. अंगणापलीकडच्या दारात त्यांचा दीर राहायचा, सराफ्यात छोटं दुकान असलेला. नवरा गेल्यापासून त्या त्याच्याशी फक्त फोनवर बोलायच्या. दोन्ही दारं समोरासमोर, मधे नळ आणि तुळस. काकू आत फोन फिरवायच्या, पलीकडे घंटी वाजलेली आम्हाला उघड्या खिडकीतून ऐकू यायची. “हॅलो भाऊजी, तुमच्या बाजूची बत्ती दिवसा जळून राहिली.” “अच्छा वहिनी.” एवढं झालं की फोन ठेवून द्यायच्या.

आणि त्यांचा तो खेळ. पुण्याला नोकरीला गेलेल्या भाच्यानं जुना संगणक त्यांच्याकडे टाकला होता आणि त्यात एक खेळ राहून गेला होता. पाचसहा जणांची टोळी बांधायची, प्रत्येकाला आपण घडवायचं आणि गुहा, पूल, भुतं असं करत पुढं जायचं. इतर लोक एकट्यानं खेळतात. काकूंच्या घरी प्रत्येक भाडेकरणीला एक पात्र मिळायचं आणि रविवारी जेवणं झाल्यावर, वीजकटौतीत लाइट जायच्या आधी, सगळ्यांनी त्या पडद्यासमोर बसायचं. दारातला तो प्रश्न याच्यासाठी होता. खेळातले इंग्रजी शब्द त्यांनी घरचे करून टाकले होते. तलवारवाला तो पैलवान, जखमा बांधणारी ती नर्सबाई, दुरून मंत्र टाकणारी ती मंत्रवाली. त्या स्वतः कुलूपतोड्या. मेलेलं पात्र मागं जाऊन जिवंत करायची सोय खेळात होती, पण काकूंना ती मान्य नव्हती. “कॉल कटला म्हणजे कटला,” म्हणायच्या. पात्र मेलं तर त्या दिवशी घरात गोड होत नसे.

माझ्याआधी तिथं दोघी होत्या. एक सिवनीची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. ती पैलवान होती, कारण नर्सचं काम आठवडाभर करून तिला कंटाळा आला होता. दुसरी छिंदवाड्याची, बी.एड. करणारी. ती नर्सबाई.

सगळी ताकद भरलेली माझी बाई पहिल्या पुलावरच मेली. पुढं धावली, दम नव्हता, एका फटक्यात गेली. त्या रविवारी शिऱ्यासाठी काढलेला रवा पुन्हा डब्यात गेला.

“आता मी घडवते,” काकू म्हणाल्या. “तू मंत्रवाली. सगळ्यात मागं उभी राहशील.”

“नाही राहणार.”

“काहून?”

“मागं उभं राहण्यात आमच्या पिढ्या गेल्या, काकू. आता खेळातसुद्धा मागंच?”

सिवनीचीनं मान खाली घातली. त्याचं कारण मला नंतर कळलं. काकूंनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाल्या, “मी जन्मभर मागंच बसली. मागं बसून साऱ्या शहराच्या तारा जोडल्या. मागं कुणी ढकललं तर भांड. पण तुझा मार जर दूर जातो, तर पुढं जाऊन मरायचं काहून?”

मला पटलं नाही. पण दुसरं पात्र हवं होतं.

त्यांनी ते घडवलं तसं मी पुढं कुणाला घडवताना पाहिलं नाही. ताकद इतकी कमी, की बाईला पोतंसुद्धा उचलता येऊ नये. डोकं शिगोशीग. उरलेलं चपळाईत, म्हणजे शत्रूच्या आधी हात उठेल. चिमूटभर दमात, म्हणजे पहिल्या फटक्यात पुलावरच्यासारखं होणार नाही. चिलखत नाही, कारण त्यात हात अडकतात. मंत्र ठरावीकच, संपले की झोपेपर्यंत परत मिळत नाहीत, म्हणून कमरेला गोफण. मला लगेच आग हवी होती. काकूंनी आधी शत्रूला झोप आणणारा मंत्र दिला, मग पाय चिकटवणारं जाळं. आग फार उशिरा दिली, तीही कुरकुरत.

“ऐक आता,” त्या म्हणाल्या. “मंत्र म्हणताना धक्का लागला की मंत्र तुटते. म्हणून आधी हे बघ, की तुझ्यापुढं कोण उभं आहे. तो जितका वेळ शत्रूला अडवून धरेल, तितकाच तुझा मंत्र. आणि आग टाकायच्या आधी हे बघ, की गोलात कोण आहे. आग आपलं-परकं पाहत नाही.”

तो गोल खेळ दाखवत नसे. आग किती पसरेल याचा अंदाज आपणच करायचा. काकू हातातली लाखेची बांगडी काढून पडद्याच्या काचेवर धरायच्या. बांगडीच्या आत जे कोणी असेल ते जळणार. एका डोळ्यानं बघत, जीभ दातांत धरून, त्या बांगडी इकडंतिकडं सरकवायच्या आणि आपलं माणूस बाहेर राहिलं की म्हणायच्या, “टाक.”

एका रविवारी बांगडीची वाट न बघता मी टाकली. राक्षस जळाले. छिंदवाड्याची नर्सबाईही जळाली. त्या मुलीनं महिनोन्‌महिने जपलेलं ते पात्र. ती उठून आत गेली. मी म्हटलं, “पण जिंकलो ना?” काकूंनी स्वयंपाकघरात जाऊन दुधावर झाकण घातलं. खीर झाली नाही.

आता नळाचं सांगते.

अंगणातला नळ दोन्ही दारांचा होता. एका सकाळी बादली भरताना दिरानं मला विचारलं, “पूरा नाम काय तुझं?” मी सांगितलं, मान वर करून. त्यानं “अच्छा, अच्छा” म्हटलं. दुसऱ्या दिवशी लोहार आला. नळावर लोखंडी पेटी बसली, पेटीला कुलूप लागलं. बाहेर फाटकापाशी, गटाराला लागून, एक निळा ड्रम आला. किराएदारांचं पाणी त्यात भरून मिळेल, असं कळवण्यात आलं. फोनवरून. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक दिराकडे, दुसरी त्यानं काकूंना पाठवली होती, ‘फक्त तुमच्यासाठी, वहिनी’ म्हणून.

काकूंनी काय केलं? पहाटे उठून त्या किल्लीनं नळ उघडायच्या, आमच्या वाटचं पाणी स्वतः भरून आत आणायच्या, पुन्हा कुलूप लावायच्या. आणि संध्याकाळी फोन करायच्या. “हॅलो भाऊजी, कुलूप काढा.” “बघतो वहिनी.” रोज.

माझं डोकं फुटायची वेळ आली होती. खेळात भुयारांची कुलपं तोडणारी ही बाई, आणि स्वतःच्या अंगणात चोरून पाणी भरते! मी पत्रक लिहिलं. असं लिहिलं की बाबांना अभिमान वाटला असता. दिराचं नाव, दुकानाचा पत्ता, कुलूप, ड्रम, सगळं. गढ्याच्या बाजारात आणि सराफ्यात त्याच्या दुकानासमोर वाटणार होते. छापायला टाकायच्या आधी काकूंच्या पुढ्यात ठेवलं, कारण त्यांच्याबद्दलही एक ओळ होती आणि पाठीमागून वार करणं आमच्या घरात शिकवलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग बांगडी काढली आणि कागदावर ठेवली. बांगडीच्या आत तीन शब्द आले: ‘आम्ही दोघी बौद्ध’.

“गोलात कोण आहे बघ,” त्या म्हणाल्या.

दुसरी म्हणजे सिवनीची. तिनं अंगणात आडनाव कधी सांगितलं नव्हतं, नुसतं नाव सांगायची. जेवताना एकदा आम्हाला खरं सांगितलं होतं, म्हणून मला ठाऊक. तिला पाठवताना वडिलांनी अट घातली होती, की कसलीही भानगड कानावर आली तर त्याच दिवशी बसमध्ये बसायचं आणि घरी यायचं. शेवटची परीक्षा तोंडावर होती. हे पत्रक बाजारात गेलं असतं तर ती परीक्षेला बसली नसती.

मी तरी भांडले. तिला समोर बसवूनच भांडले. “लपून किती दिवस राहशील? तू बोलली नाहीस म्हणून तर ते कुलूप लावून राहिले.”

“तुझे बाबा पत्रकं वाटत होते,” ती म्हणाली. “माझे बाबा घाबरतात. मी काय करू? मला नर्स होऊ दे. मग मी माझं नाव दाराला लावीन, एवढ्या मोठ्या अक्षरात. तू येऊन खिळा ठोक.”

मी पेन घेतलं आणि ‘आम्ही दोघी’ खोडून ‘मी’ केलं. मग रागातच काकूंबद्दलची ओळ खोडायला गेले. ती अशी होती: ‘घराच्या मालकीणबाईंकडे दुसरी किल्ली आहे. त्या आमच्यासाठी चोरून पाणी भरतात आणि त्यालाच माणुसकी समजतात.’

काकूंनी माझा हात धरला. “ती ओळ राहू दे.”

“तुम्ही गोलात येता, काकू.”

“माहीत आहे.”

छापू मात्र त्या देईनात. दुकानासमोर वाटलं तर पोलीस येतील, वर्तमानपत्रवाले येतील, मग घरात कोण कोण राहतं हे सगळे विचारतील, असं त्यांचं म्हणणं. “त्याला त्याच्याच अंगणात वाचून दाखव.” मला आजही वाटतं की ते पत्रक सराफ्यात वाटायला हवं होतं. या एका गोष्टीवर मी काकूंशी सहमत नाही, आणि त्यांच्याविषयी लिहिताना ते लपवणार नाही.

रविवार आला. आम्ही खेळायला बसलो होतो. टोळी एका दरवाजापुढं उभी, आत काहीतरी मोठं होतं. फाटक वाजलं. दीर मोहल्ल्यातल्या दोघांना घेऊन अंगणात आला होता. मोठ्यानं म्हणाला, “वहिनी, बाहेर या. आज फैसला करून टाकू. त्या मुलीला खोली खाली करायला सांगा. नाही तर तिघींनाही काढा.”

फोन नव्हता. समोरासमोर हाक होती. काकूंची नजर एकदा फोनकडे गेली. सिवनीची भिंतीला टेकून पांढरीफटक उभी. तिच्या मनातलं मला ऐकू येत होतं: बस, सिवनीची बस.

काकू उठल्या. “होल्ड करा,” खिडकीतून म्हणाल्या. पदर खोचला. मला म्हणाल्या, “कागद घे. तू उंबऱ्यात उभी राहा, मागं. मी पुढं उभी राहते. तुझा मंत्र तुटू देत नाही.”

“काकू, ताकद तर तुमच्यात—”

“चिमूटभर दम आहे. पुरे.”

त्या अंगणात गेल्या आणि नळाच्या पेटीपुढं उभ्या राहिल्या. मी उंबऱ्यातून वाचायला लागले. “बंधूंनो आणि भगिनींनो—”

“हे काय नाटक?” दीर म्हणाला.

“होल्ड करा, भाऊजी. लाइनवर मुलगी बोलून राहिली.”

“या अंगणातल्या नळाला कुलूप आहे. ते चोरांसाठी नाही, ते माझ्या आडनावासाठी आहे—”

“वहिनी, तिला चूप करा! आपल्या घरात पूजा होते, चार लोक येतात—”

“होल्ड.” त्या एक पाऊल पुढं झाल्या. त्याला बाजूनं यायचं होतं, त्या बाजूला सरकल्या. तो दुसरीकडून आला, त्या दुसरीकडे. खांदा लागला, डोळ्यांवरचा चष्मा वाकडा झाला, पण हलल्या नाहीत. त्यांच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पडला होता, आणि माझा आवाज त्या पाठीवरून जात होता. मी गटाराजवळच्या ड्रमचं वाचलं. फोनवरच्या ‘बघतो’चं वाचलं. मग ती ओळ आली. मी थांबले.

काकूंनी मागं न बघता म्हटलं, “टाक.”

मी वाचली. मालकीणबाई, दुसरी किल्ली, चोरून पाणी, माणुसकी. मोहल्ल्यातले दोघे काकूंकडे बघू लागले. त्यांनी मान खाली घातली नाही. कमरेची किल्ली काढून वर धरली. “सच बोल रही है,” त्या म्हणाल्या. “ये देखो.”

त्या दोघांपैकी एकजण पुटपुटला, “भाभीजी, हम तो बस समझाने आए थे,” आणि फाटकाकडे सरकला. दुसरा त्याच्या आधीच बाहेर होता. दीर एकटा उरला. तो आपल्या घरात गेला आणि त्यानं दार लावलं.

जरा वेळानं आमच्या घरातला फोन वाजला. काकूंनी उचलला. तिकडचं बोलणं खिडकीतूनही ऐकू येत होतं. “वहिनी, तमाशा पुरे. तुमच्याकडे किल्ली आहे, उघडून टाका.”

“मी उघडलं तर तो माझा उपकार होते,” काकू म्हणाल्या. “तो मी पुष्कळ केला. कुलूप ज्यानं लावलं त्यानं उघडायचं.”

“मग मी किल्ली पाठवतो कुणाच्या हाती.”

“पाठवू नका. स्वतः या.”

त्यांनी फोन ठेवला. आम्ही चौघी अंगणात उभ्या राहिलो. ऊन तुळशीवरून नळावर आलं. तो येणार नाही असं मला वाटलं, आणि मग काय करायचं ते पत्रकांत कुठंच लिहिलेलं नव्हतं.

दार उघडलं. तो आला, कुणाकडे न बघता. कुलूप काढलं, पेटी उचलून भिंतीला टेकवली, रागानं नळ पूर्ण सोडला आणि तसाच वाहता ठेवून निघून गेला. पाणी तुळशीपर्यंत आलं. पुढं सिवनीची झाली. तिनं हात लावून नळ बंद केला. “पाणी वाया जाऊन राहिलं,” म्हणाली.

आत येऊन बघतो तो कटौती झाली होती. पडदा काळा, दरवाजापुढची टोळी गेली. छिंदवाड्याची म्हणाली, “कॉल कटला, काकू.” काकू खुर्चीत बसून धापा टाकत होत्या. “पुन्हा लावू,” म्हणाल्या. नियम त्यांनी तेवढ्या एका दिवशी मोडला. आणि त्या दिवशी शिरा झाला.

सिवनीची परीक्षेला बसली, पास झाली. दाराला पाटी लावली तेव्हा खिळा मी ठोकला.

पण काकूंचं काय झालं, तेही सांगायला हवं. दिराचा फोन पुन्हा आला नाही. त्या संध्याकाळी फोन फिरवायच्या, पलीकडे घंटी वाजत राहायची आणि बंद व्हायची. सासरचं शेवटचं बोलणारं माणूस त्या एका ओळीत जळालं. मी एकदा विचारलं, तर त्या बांगडी फिरवत म्हणाल्या, “मी मोजूनच उभी राहिली होती ना.” मी खोली सोडली तेव्हा त्या दारात एका नव्या मुलीला विचारत होत्या, ताकद, चपळाई, दम, की डोकं. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या.

हे वाचून मला ‘छान लिहिलं’ असं कळवू नका. उद्या सकाळी उठा, आपल्या अंगणात, जिन्यात, गच्चीवर जा आणि बघा. कुठला नळ, कुठलं दार, कुठला पेला कुणासाठी तरी वेगळा ठेवलाय. कुलूप तुम्ही लावलं नसेल, पण दुसरी किल्ली तुमच्या कमरेला असेल. चोरून पाणी भरू नका, त्याला माणुसकी म्हणू नका. ज्यानं कुलूप लावलं त्याच्या पुढं जाऊन उभे राहा, आणि ज्याला बोलायचंय त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. आणि कुलूप तुमचंच असेल, तर किल्ली कुणाच्या हाती पाठवू नका. स्वतः जा आणि उघडा.